झडती, पंचनामा आणि आपण

एका कार्यकर्ता-शिबिरात मी एक साधा प्रश्न विचारला. समोर चाळीसएक मुले-मुली होती. काही महाविद्यालयात शिकणारी, काही शाळेवर शिकवणारी, दोघेतिघे कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. मी विचारले, ‘रात्री अकरा वाजता पोलीस तुमच्या दारात आले आणि म्हणाले, घराची झडती घ्यायची आहे, तर तुम्ही काय कराल?’ बहुतेकांनी उत्तर दिले, दार उघडू आणि बाजूला उभे राहू. एक मुलगा तावातावाने म्हणाला, वॉरंट असल्याशिवाय आत पाय ठेवू देणार नाही. पहिले उत्तर भीतीतून आलेले होते, दुसरे सिनेमातून. कायदा या दोन्हींपेक्षा वेगळा आहे, आणि तो ठाऊक नसल्याची किंमत आपल्या वस्त्या आजवर मोजत आल्या आहेत. म्हणून हा लेख.

सुरुवात मी घरच्याच गोष्टीने करतो, कारण तिच्यातून या विषयाचे मर्म मला कळले.

१९७२ चा दुष्काळ. आमचे दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रात्रशाळेत त्यांना सही करण्यापुरती अक्षरे आली होती आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्या वर्षी गावाच्या शिवेवर पारध्यांची दोन पालं उतरली होती. गावातल्या एका बड्या घरची पितळेची भांडी चोरीला गेली आणि दुसऱ्याच दिवशी पोलीस पालावर आले. संध्याकाळी जमादाराने आमच्या वाड्यातून दादांना आणि आणखी एकाला बोलावून नेले. ‘सही येती ना रे तुला? मग कर इथं.’ दादांनी केली. झडती केव्हाच उरकली होती. कागद अर्धा भरलेला होता, अर्धा कोरा. ज्याच्या पालात भांडी ‘सापडली’ तो माणूस आठ महिने तुरुंगात राहिला. खटला उभा राहिला तेव्हा दादांना साक्षीला बोलावले. त्यांनी खरे ते सांगितले, ‘साहेब, झडती झाली तवा मी तिथं नव्हतो. मला सहीपुरतं बोलावलं.’ सरकारी वकिलाने त्यांना फितूर ठरवले आणि आरोपी सुटला. पण तोवर पालं उठली होती आणि त्याची बायकापोरं कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हते. दादा मरेपर्यंत म्हणत, ‘त्या माणसाचे आठ महिने माझ्या सहीनं गेले.’

या गोष्टीत कायद्याचा जो भाग मोडला, तोच भाग झडतीच्या साऱ्या कायद्याचा कणा आहे. तो कसा, ते आता पाहू.

झडतीचा अधिकार येतो कुठून?

१ जुलै २०२४ पासून १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आली आहे. कलमांचे आकडे बदलले, झडतीचा सांगाडा बहुतांशी तोच राहिला. म्हणून मी नवे कलम देतो आणि जुने कंसात.

घरात शिरण्याचे मुख्यतः तीन रस्ते आहेत. पहिला, न्यायालयाचे झडती-वॉरंट, कलम ९६ (जुने ९३). एखादी वस्तू किंवा कागद मागवूनही दिला जाणार नाही असे न्यायालयाला सकारण वाटले, तर ते वॉरंट काढते. चोरीचा माल किंवा बनावट दस्तऐवज एखाद्या जागी ठेवला असल्याच्या संशयावरून दंडाधिकारी कलम ९७ (जुने ९४) खाली वॉरंट देऊ शकतो. अशा कागदावर न्यायालयाची सही-शिक्का असतो. तो पाहायला मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

दुसरा रस्ता वॉरंटशिवायचा, कलम १८५ (जुने १६५). ‘वॉरंटशिवाय पाय ठेवू देणार नाही’ म्हणणाऱ्या आपल्या मुलाला हे कलम माहीत नव्हते. ठाण्याचा प्रमुख किंवा तपास करणारा अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, परंतु त्याला अटी आहेत. तपास चालू असला पाहिजे. तपासाला आवश्यक असलेली वस्तू त्या जागी सापडेल असे मानायला वाजवी कारण पाहिजे. ती दुसऱ्या मार्गाने, फार उशीर न होता, मिळण्याजोगी नसली पाहिजे. ही कारणे आणि शक्य तेवढे त्या वस्तूचे वर्णन अधिकाऱ्याने झडतीच्या आधी केस डायरीत लिहिले पाहिजे. तो स्वतः जाऊ शकत नसेल आणि हाताखालच्या माणसाला पाठवत असेल, तर त्याला जागा व वस्तू नमूद केलेला लेखी हुकूम दिला पाहिजे. आणि या नोंदींची नक्कल ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. जुन्या कायद्यात ‘ताबडतोब’ एवढाच शब्द होता. आता तासांची मर्यादा आली आहे.

तिसरा रस्ता अटकेचा, कलम ४४ (जुने ४७). ज्याला अटक करायची तो माणूस अमुक घरात आहे असे मानायला कारण असेल, तर पोलीस त्या घरात शिरू शकतात आणि घरच्यांनी त्यांना वाट दिली पाहिजे. वाट दिली नाही तर दार तोडण्याचाही अधिकार आहे.

आता या तिन्हींकडे नीट पाहा. प्रत्येक ठिकाणी कायदा एका विशिष्ट घराबद्दल, एका विशिष्ट वस्तूबद्दल किंवा एका विशिष्ट माणसाबद्दल बोलतो. ‘वस्तीची झडती’ असा शब्द या कलमांत कुठेही नाही. मोर्चा किंवा बंद झाला की रात्री ‘कोंबिंग’च्या नावाखाली ओळीने पन्नास घरांची दारे वाजवली जातात. त्या पन्नासांपैकी प्रत्येक घराबद्दल वेगळे कारण असेल तरच ते या कायद्यात बसते. घर बौद्धवाड्यात आहे, हे कारण होऊ शकत नाही.

विशेष कायद्यांचे अधिकार यापेक्षा रुंद आहेत, हेही सांगितले पाहिजे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, अमली पदार्थांचा कायदा, आयकर कायदा यांत झडतीच्या स्वतंत्र तरतुदी आहेत. आपल्या वस्त्यांना सर्वांत ओळखीचा आहे तो दारूबंदीचा, १९४९ चा कायदा. त्याखालच्या झडत्याही सर्वसाधारणपणे संहितेच्या रीतीनेच घ्यायच्या असतात. फक्त पंच त्याच भागातले नव्हते एवढ्याच कारणाने ती झडती बेकायदा ठरत नाही, अशी सवलत तिथे अधिकाऱ्यांना दिलेली आहे. आपल्याकडे दारूच्या धाडीत तेच ते पंच पुन्हा पुन्हा का दिसतात, याचा थोडा उलगडा इथे होतो.

झडती कशी घ्यायची?

अधिकार असणे वेगळे आणि तो कसा वापरायचा हे वेगळे. कलम १०३ (जुने १००) ही रीत सांगते. झडती सुरू करण्यापूर्वी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलावले पाहिजेत. तिथे कोणी मिळाले नाही किंवा तयार झाले नाही, तरच दुसऱ्या भागातले. झडती त्यांच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. काय सापडले आणि नेमके कुठे सापडले याची यादी झाली पाहिजे, तिच्यावर पंचांच्या सह्या पाहिजेत. घरमालकाला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे आणि यादीची सही केलेली नक्कल त्याच्या हातात दिली पाहिजे. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची आणि तीही सभ्यतेची पूर्ण चाड राखून.

नव्या संहितेतले कलम १०५ हे नवे आहे. झडती, यादी करणे आणि पंचांच्या सह्या या साऱ्याचे ध्वनी-चित्रमुद्रण करायचे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. हे नीट अमलात आले तर दादांसारखी कोऱ्या कागदावरची सही घेणे अवघड होईल. पण कॅमेरा केव्हा सुरू केला आणि केव्हा बंद केला, हे विचारणारा माणूस त्या घरात नसेल, तर कॅमेऱ्यालाही फितूर करता येते.

‘प्रतिष्ठित’ या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. गावात प्रतिष्ठित कोण? हा प्रश्न ठाण्यात विचारला तर उत्तर ठरलेले असते. आपल्या वस्तीत झडती असली की गावातले किंवा बाहेरचे ‘प्रतिष्ठित’ आणले जातात. पारध्याच्या पालावर झडती असली की आपल्यातला एखादा पुरतो, कारण तो नाही म्हणणार नाही अशी खात्री असते. सरकारी माणसाने हाक मारली की धावायचे, ही महारकीची जुनी सवय अंगातून गेलेली नसते. परंतु कायद्याच्या या शब्दाचा अर्थ पैसा, जमीन किंवा जात असा होत नाही. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल आणि ज्याचा त्या प्रकरणात काही हितसंबंध नाही, असा माणूस एवढाच तो आहे. वस्तीतली अंगणवाडीची बाई, शाळामास्तर, रिक्षावाला, कोणीही पंच होऊ शकतो. बाईने पंच होऊ नये असे कायदा कुठेही म्हणत नाही.

घटनेत हा हक्क का नाही?

वाचक विचारतील, घराच्या सुरक्षिततेचा हक्क मूलभूत हक्कांत स्पष्ट शब्दांत का नाही? बाबासाहेबांना तो हवा होता. १९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारे कलम होते. पोलिसांच्या तपासाचे हात बांधले जातील असा आक्षेप सर बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्यांनी घेतला आणि ते कलम मागे पडले. पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत त्याच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. त्यांचे म्हणणे असे होते की या गोष्टी फौजदारी संहितेत आहेतच, परंतु व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट ठरेल. मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, ते पुढे ढकलले गेले आणि अखेर दुरुस्ती संमत झाली नाही.

याचा परिणाम दूरवर झाला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितले की अमेरिकेच्या घटनेसारखी तरतूद आपल्या घटनाकारांनी केलेली नाही, तेव्हा ती ओढूनताणून आणता येणार नाही. १९६२ मध्ये खडकसिंगचे प्रकरण आले. दरोड्याच्या खटल्यातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाच्या दारात उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री-अपरात्री येऊन हजेरी घेत. रात्रीच्या या घरभेटी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, पण खाजगीपणाचा हक्क असा मूलभूत हक्क नाही असेही म्हटले. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते आणि ज्यांची त्यातून १९५२ मध्ये सुटका झाली, त्यांच्या पालांवर अशा भेटी म्हणजे रोजचेच जगणे होते. त्यांच्यातला कोणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसा पोचणार? शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि आधीच्या दोन्ही निकालांतला तो विरुद्ध भाग रद्द ठरवला. बाबासाहेब जे १९४७ मध्ये मागत होते, त्याच्या जवळपास यायला ७० वर्षे लागली.

बेकायदा झडती झाली तर काय?

इथे कार्यकर्त्यांनी भाबडे राहू नये. झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेली वस्तू तेवढ्याने पुराव्यातून बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल प्रकरणात १९७३ मध्ये स्पष्ट केले आहे. मग रीतीचा उपयोग काय? राधाकिशन प्रकरणातल्या निकालात त्याचे उत्तर आहे. रीत मोडली असेल तर त्या पुराव्याकडे न्यायालय अधिक बारकाईने, संशयाने पाहू शकते. म्हणजे सारे येऊन थांबते ते पंचांवर. पंच खरे बोलले तर खोटी जप्ती कोसळते. दादांच्या साक्षीने तेच झाले होते.

रहमान प्रकरणात, ज्याचा निकाल १९६० च्या निकालसंग्रहात आहे, कारणे न नोंदवता झडतीला आलेल्या उत्पादनशुल्क अधिकाऱ्याला अडवणाऱ्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरले नाही. हा निकाल जरूर माहीत असावा. पण त्याच्या भरवशावर कोणी दारात हात आडवा घालू नये, असे मी कळकळीने सांगतो. कारणे नोंदवली होती की नाही हे त्या रात्री तुम्हाला कळत नाही. ते न्यायालयात कळते. तोवर ‘सरकारी कामात अडथळा’ हा गुन्हा तुमच्या नावावर लागलेला असतो. तोंडाने आणि कागदाने हरकत घ्या, हाताने नको.

दोन घरे, एक रात्र

काही वर्षांपूर्वी एका बंदनंतर आमच्याही वस्तीत अशीच रात्र आली. नवी संहिता तेव्हा यायची होती. माझ्या दारात आले तेव्हा मी नाव विचारले, कोणत्या गुन्ह्यात ते विचारले, पंच कुठे आहेत ते विचारले. अधिकारी चिडला, पण थांबला. माझ्या मुलाचा मोबाइल आणि सभेच्या पत्रकांचा गठ्ठा त्यांनी घेतला. यादी दिल्याशिवाय जाऊ नका, असे मी तीनदा म्हटले, तेव्हा त्यांनी खाटेवर बसून यादी लिहिली. त्या यादीच्या आधारावर अर्ज करून चार महिन्यांनी मोबाइल परत मिळाला.

माझ्या घरापासून तिसरे घर एका विधवा बाईचे. ती मावशी दर वर्षी ऊसतोडीला जाते. तिच्या घरात कोणी काही विचारले नाही. पत्र्याची पेटी फोडली गेली आणि कोपऱ्यात टेकून ठेवलेला कोयता नेला. पंचनाम्यात तो ‘घातक शस्त्र’ झाला. ज्या कोयत्यावर तिने मुलाला शिकवले, त्याच कोयत्याचा खटला आज त्या मुलावर चालू आहे. पंच म्हणून सही असलेली दोन्ही माणसे आमच्या गावची नाहीत आणि ती त्या रात्री तिच्या घरात कोणी पाहिली नाहीत. मी तीन घरांवर होतो. मला कायदा ठाऊक होता. मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो नाही, हे मी इथे लिहून ठेवतो.

काय करावे?

एक : दार उघडण्यापूर्वी शेजाऱ्यांना हाक मारा. झडती चालू असताना शेजारी दारात उभे असणे हेच पहिले संरक्षण आहे.

दोन : वॉरंट असेल तर वाचा. नसेल तर गुन्ह्याचा नंबर, अधिकाऱ्याचे नाव आणि लेखी हुकूम विचारा. घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. मी ती लिहिली नव्हती, ही माझी चूक.

तीन : पंच आल्याशिवाय झडती सुरू करू नका, असे शांतपणे सांगा. पोलीस आणि पंच यांनी आत येण्यापूर्वी स्वतःची अंगझडती देण्याचा प्रघात आहे; ती मागा. चित्रीकरण सुरू आहे का, ते विचारा.

चार : घरातला एक माणूस प्रत्येक खोलीत त्यांच्याबरोबर राहू द्या. एकाच वेळी चार ठिकाणी शोध चालला असेल तर मोठ्याने हरकत घ्या.

पाच : कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका. पंचनामा वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. मोकळ्या जागेवर रेघ मारायला सांगा. हरकत असेल ती सहीच्या वर लिहा. यादीची नक्कल घेतल्याशिवाय त्यांना निरोप देऊ नका.

सहा : दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. झडतीच्या कारणांची नक्कल घरमालकाला अर्ज केल्यावर मोफत मिळते. नेलेली वस्तू परत मिळण्यासाठी कलम ४९७ आणि ५०३ (जुनी ४५१ आणि ४५७) आहेत.

सात : कारण नसताना घरात शिरणे, त्रास देण्याच्या हेतूने जप्ती करणे हा पोलिसासाठीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. गावातल्या सवर्णाने खोटी खबर देऊन दलित-आदिवासीच्या घरावर पोलीस घातले, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली तो खबर देणाराही गुन्हेगार ठरतो. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पुस्तकांविषयीही एक वाक्य. विचार करणाऱ्या माणसाच्या घरी पोलीस प्रथम कपाट उघडतात. २८ जुलै २०२३ रोजी व्हर्नन गोन्सालविस यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, नुसते साहित्य जवळ बाळगणे, त्यातला मजकूर हिंसेला चिथावणारा असला तरी, तेवढ्यावरून दहशतवादी कायद्याच्या त्या प्रकरणांतला गुन्हा होत नाही. आपले कपाट लपवू नका. त्यातल्या पुस्तकांची यादी मात्र स्वतःजवळ ठेवा.

शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. आपण फक्त झडती सोसणारे नाही, झडतीचे पंचही आपणच असतो. ठाण्यातून हाक आली तर जरूर जा. लेखी हुकूम असताना सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हाही आहे. पण आपल्या डोळ्यांनी जे पाहिले तेवढ्यालाच सही द्या, मग ते घर आपल्या माणसाचे असो, पारध्याचे असो, की मुसलमानाचे. वस्तीतल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात एखाद्या रविवारी पंचनामा म्हणजे काय हे तासभर शिकवायला हवे. दादा सही करायला शिकले होते, कागद वाचायला त्यांना कोणी शिकवले नाही. आपल्यापैकी हजारोंना आता वाचता येते. तेव्हा आपली सबब चालणार नाही.